राब उगवला नाही

२४ मे १९८३
काहीतरी लपवतायत. दोघंही. शाळेला सुट्टी लागल्यापासून घरातच आहे, पाहतोय. आबा कुठं निघाले की आई पुढं चालते आणि उगाच बोलते. "उंबरा झिजलाय बगा. हितं दगड कुनी टाकला?" जन्मात एवढी बडबडली नाही! बायकोला, शालनला, म्हटलं तर म्हणते, "मास्तरकीची सवय तुमची. घरातबी कॉप्या पकडता."

२६ मे
आज परीक्षाच घेतली. आबांचा जेवायचा पाट हातभर सरकवला. आबा रोजच्या जागी, भुईवर बसले. आई लगेच, "उकडतंय ना, भुईच बरी." म्हणजे दिसत नाही. मोतीबिंदू असणार. आणि हिला ठाऊक आहे! वाईट वाटलं, पण राग जास्त आला.

२७ मे
आबांकडं विषय काढला. महाडला डोळ्यांचा डॉ. आहे, एसटीनं तासाभरात... पुरं बोलूच दिलं नाही. "माजं डोळं ठीक हायत. तुला शेत पायजे, तसं बोल ना." शेत! मला! शालननं काठी दिली, ती अंगणात भिरकावली. आईनं ती उचलून दाराआड ठेवली. मला तिचाच जास्त संशय येतो.

१ जून
लावणीची रोपं करायला राबात, भाजलेल्या वाफ्यात, भात पेरलं. आबांनी एकट्यानं. "मास्तरानं फळा बगावा." दरवर्षी बियाण्याचा दाणा चावून बघतात. यंदा आईनं माळ्यावरून काढून दिलं म्हणून तेही नाही. पेरताना मूठ मात्र अजून सुटते ती सारखी. बघत उभा राहिलो.

१४ जून
पाऊस लागून आठ दिवस. शेजारच्या गणूचा राब हिरवागार. आमच्यात एक कोंब नाही. आबांना सांगायचं कुणी? आई रोज म्हणते, "येतंय, येतंय."

१५ जून
गणूनंच बांधावरून ओरडून सांगितलं. आबा राबात बसून माती चाचपत होते. घरी आले ते शालनवरच उखडले. "हिनं बी बिगडवलं! आमाला हितनं हलवायचा डाव हाय." शालन रडली. मी तडक माळ्यावर. दोन पोती. बियाण्याचं जसंच्या तसं शिवलेलं! आणि दुसरं, खायला उकडून वाळवलेल्या भाताचं, रिकामं. तळाशी चार दाणे होते, चावून पाहिले. उकडलेलं भात पेरलंय आम्ही. ते उगवणार कसं, कपाळ! रंगावरूनच कळतं. आबांना नाही कळलं, ठीक. पण आईला?

१६ जून
विचारलं. "चुकलं रे. मलाच दिसत नाय." बस, एवढंच. खरं बियाणं तिनं भिजतही घातलंय. मोड आणून पेरू म्हणते, लावणी पंधरा दिवस मागं जाईल पण वर्ष बुडायचं नाही. इतका विचार कधी केला हिनं? दुपारी गोधडी शिवत बसली होती. सुईत दोरा पहिल्या फटक्यात.

१७ जून
सकाळी आबा आपणहून. "मास्तर, तुज्या आयचं डोळं गेलं. शालनला उगाच बोललो. हिला महाडला दाव. मी येतो संगतीला, बाईमानूस हाय." आई चूल फुंकत होती, वर बघेना. शालनला हसू आवरेना. मी एसटीची वेळ विचारून आलो.

२० जून
महाड. दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. आई आत आहे. एसटीतून उतरल्यापासून आबांनी माझं डावं मनगट धरलंय, त्याच हातानं वही सांभाळत कसंबसं खरडतोय. "हिचं झालं की सरळ घरी," असं दोनदा बजावलं. मी हो म्हणालो. खोटं.

आई दारात आली. "माजं झालं. आता तुमी या. डाक्टर म्हनतो, नवराबायकूचं डोळं संगतीनंच बगायचं असतात."
डॉ. असं म्हणाला असेल? मुळीच नाही.
आबा म्हणाले, "लबाड हायस तू."
आई म्हणाली, "हाय."
दार उघडं आहे. आत नंबर पुकारतायत. आबांनी माझं मनगट सोडलंय, पण अजून उठलेले नाहीत.