लुगडं परत नेल्याबद्दल

वैशाखरे,
दसऱ्यानंतरचा शुक्रवार

बहीण जिवंत निघाली म्हणून तिच्यासाठी आणलेलं लुगडं काखेत मारून परत नेतात काय रे कोंडू? कुठली ही रीत? रीतीचं निघालंच आहे तर ताईचा आशीर्वाद घे, जयाला आणि पोरांना पण सांग. तुमी खुशाल असालच, टेंपोतून उतरलात तेव्हा सगळे धडधाकट होतात. माझं विचारशील तर मानेखालची लिंबाएवढी गाठ डॉक्टरनं काढली, साधी चरबीची निघाली. सात टाके घातले होते. आता सहा आहेत. सातवा कुणी उसवला ते तुला माहीत आहे.

चूक कुणाचीच नाय असं तुझी बायको जया म्हणाली. मग काय माझी? यांनी मुरबाडच्या बूथवरून तुमच्या गावच्या दुकानात फोन केला. दुकानदार रंगूला नीट सांगितलं, 'सोमीच्या मानेवर गाठ होती, ती गेली.' रंगूनं मधलं सगळं तेलाच्या डब्यात बुडवलं आणि तुला सांगितलं, 'सोमी होती, ती गेली.' रंगूचं सोड, पण तुला कळू नये? मी कुणाला काय न बोलता, न भांडता अशी गुपचूप जाईन काय रे?

आठवडा झाला, मी पालथी पडून आहे. खाटेवरून जमीन दिसते आणि माणसांचे पाय. (धाऊची सून नखं काढत नाय, ते मला या जन्मात कळलं नसतं.) ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी चिंचेखाली टेंपो थांबला आणि बायांनी गळा काढला. मला वाटलं शेजारी कोणी गेलं. बरं दिसत नाय म्हणून पडल्या पडल्या मी पण एक हुंदका काढला. तेवढ्यात ओटीवर तुझे पाय दिसले. अंगठ्याला विळा लागलेला, तेच. तीन वर्षांत आमच्या घराला न लागलेले. (तुझ्या वास्तुशांतीला मटकीत मीठ नाय म्हटलं म्हणून रुसलास. नव्हतंच मीठ.) वाटलं, आला बघ बिचारा, बहिणीचं ऑपरेशन ऐकून आला. हाक मारायला मान उचलली तर तू 'ताय गो' करत धाडकन टाक्यांवर! मी बोंबलले, बाया भूत भूत करत पार रस्त्यापर्यंत पळाल्या. मेलेलं माणूस पालथं कशाला निजवतील, हे एकोणीस जणांत एकालाही सुचलं नाय.

तेही सोडलं. चहा टाकायला सांगितला तर जया म्हणते, 'मयताला आलो आमी, चहा कसा प्यायचा?' कोण मयत गो? आणि ते लुगडं! हिरवंगार, जरीच्या काठाचं. सवाष्ण बाई गेली की माहेरचं लुगडं लागतं, ते तू आणलंस, त्यात चूक नाय. पण इतक्या भाऊबिजांना मला काय दिलंस? खणाचे तुकडे, आणि एकदा टॉवेल. जरीचा काठ बघायला मला मरायला लागतं काय? वर घडी घालताना तुझी बायको म्हणते, 'राहू दे, ताईंना कधीतरी लागंलच.' मी पालथी होते, बहिरी नव्हते. आता पेटीत डांबरगोळ्या घालून माझी वाट बघत बसला असाल. ते लुगडं माझं आहे. अपशकुन बिपशकुन माझं मी बघेन. जिवंतपणी नेसणार, आणि म्हशाच्या जत्रेत मिरवणार.

तुझी (अजून असलेली) ताई,
सोमी

ता. क. लुगडं नाय आणलंस तरी चालंल. खण आण, टॉवेल आण, रिकामा ये. पण भाऊबिजेला ये. तीन वर्षं पाट मांडते आणि उचलून ठेवते.

ता. क. आणखी एक. तू त्या दिवशी रडलास तसं माझ्यासाठी कोणी रडलं नाय. (हे तर बाहेर टेंपोवाल्याशी भाताचा भाव बोलत होते.) म्हणून विचारते, जिती असताना येतोस का नाय? बुधवारपर्यंत मला कार्ड पोचलं पाहिजे. 'बघू' असं लिहू नको.