तुझं उजळलेलं यकृत

प्रिय सुलमा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या मेंदोसाला जाणाऱ्या बसवाल्याकडे हे पत्र देतेय. आधी मनातलं ओकून टाकते. मला तुझा हेवा वाटतो, जळफळाट होतो नुसता. आईचं यकृत संपत आलंय, आपल्यापैकी एकीने आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती जगेल, आणि देवाने तो मान दिला कुणाला? तुला!

एमआरआयच्या दिवशी दोघींना तेच औषध टोचलं. निरोगी यकृत ते शोषून घेतं आणि फोटोत उजळतं, मग पित्ताच्या नळ्याही उजळतात, असं यंत्रावरच्या जाड्या नॉर्बेर्तोने समजावलं होतं. ते मुरेपर्यंत थांबायचं, तर तू तेवढ्यात फाटकाशी जाऊन सिगारेट ओढून आलीस! आणि तुझे फोटो बघून तो म्हणतो, "वा, काय यकृत आहे! पुस्तकात छापावं असं." मी वाइनला कधी शिवले नाही, आईसोबत उकडलेला भोपळा गिळत राहिले, आणि माझ्या नळ्यांना असे वेडेवाकडे फाटे, की सर्जनबाई म्हणाल्या, "इर्मा, तुमच्या कापल्या तर जोडता यायच्या नाहीत." मी गाडीत बसून रडले.

लहानपणापासून हेच. मॅतेच्या चहाचा पहिला कडू घोट ओतून देणाऱ्याचा, म्हणून माझा. साखर घातलेला पेला तुझा. आईचं पथ्य, तिच्या पोटातलं पाणी काढायला दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं माझ्याकडे. तू नाताळला उगवायचीस आणि ती म्हणायची, "सुलमा आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं." मी काय नुसती हवा होते, दिसत नव्हते?

"कपडे घेऊन येते" म्हणालीस आणि गेलीस ती गेलीसच. घाबरली असशील. मलाही घाबरायला आवडलं असतं गं.

काल आईने विचारलं, "सुलमाच्या तपासणीचं काय झालं?" मी म्हटलं, "तिचंही नाही जुळलं, आई." तिने चक्क सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई, पोरीला कापायला नको." माझ्या वेळी असं काही म्हणाली नव्हती. तर हे सांगायला लिहितेय. तू आलीस, तर डॉक्टरांनी फोटो पुन्हा पाहिले असं मी सांगेन. नाही आलीस, तर तू पळालीस हे आईला मरेपर्यंत कळणार नाही, मी कळू देणार नाही. सोमवारी सर्जनबाई विचारतील. त्यांना काय सांगू, ते तू सांग.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
इर्मा