टोपी काढून ओलांडलेली वाट

दोल्चित्सा, ब्राच बेट
३ सप्टेंबर १९३६

तीर्थरूप पेरिनाताईस,
येरोलिमचा सा. न. वि. वि.

आपल्या पितृपरंपरागत ऑलिव्हबागेचे उर्वरित जगाशी असलेले दळणवळण परवा संपुष्टात आले. शेजारच्या म्हाताऱ्या लुक्रित्साबाईंनी आपला द्राक्षमळा नातवाच्या, फ्रानेच्या नावे केला आणि त्या नवभूपतीने मळ्यातून आपल्या बागेकडे जाणाऱ्या वाटेवर फाटक बसवून कुलूप ठोकले. बागेच्या इतर तिन्ही बाजूंना कडा आणि समुद्र. फळे तर या हिवाळ्याआधी उतरवायची आहेत.

मी फाटकाशी उभा राहून, आजोबांपासून चालत आलेल्या वहिवाटीवर सालंकृत भाषण केले. काका, भाषण छान झालं, आता गाढव वळवा, असे तो म्हणाला. गाढवाने त्याचे ऐकले, हे अधिक झोंबले.

मी दावा लावणारच. तिथल्या वकिलांना भेट. माझ्या वक्तृत्वाचा उपद्रव वजा जाता जी माया उरेल, ती शाबूत ठेव.

तुझा येरोलिम

स्प्लित
१२ सप्टेंबर

चि. येरोलिमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बार्बिच वकिलांना भेटले. ते म्हणतात, शेजाऱ्याच्या जमिनीतून तीस वर्षं आपला हक्क समजून ये-जा केली असेल, तर ती वाट कायद्याने आपली. मग जमीन कुणाच्याही नावे होवो. पण परवानगी मागून गेला असाल, तर ती नुसती मेहेरबानी. देणाऱ्याने हात आखडला की संपली.

आता नीट वाच. लहानपणापासून तू तिथे टोपी काढून ‘जाऊ का, लुक्रित्साबाई?’ म्हणून हाक देतोस. आईनेच लावलेलं वळण. न्यायाधीश जागा पाहायला येतील, तेव्हा खोटं बोलू नकोस. पण विचारतील तेवढंच बोल. तुला हे जड जाईल, ठाऊक आहे. तरी बाग जाऊ द्यायची नाही, म्हणजे नाही.

लोकरी बनियन घालत जा. तब्येतीचं खरं खरं कळव.

तुझी ताई

दोल्चित्सा
५ नोव्हेंबर

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि.

न्यायाधीशमहोदय चढण चढून आले आणि त्यांनी विचारले, तुम्ही इथून कसे जात होता? ताई, ‘पायी’ एवढे उत्तर पुरले असते. मी वदलो, महोदय, सदैव शिरोभूषण उतरवून, अनुज्ञा प्रार्थून. बार्बिच वकील मटकन बांधावर बसले. फ्रानेच्या मुखमंडलावर सूर्योदय झाला.

इतक्यात मळ्यातल्या घराच्या वरच्या खिडकीतून लुक्रित्साबाई बोलू लागल्या. हा विचारायचा हे खरे, याचा बापही विचारायचा, असे त्यांनी सांगितले. यावर तुम्ही काय म्हणत होता, असे न्यायाधीशांनी विचारले.

“दर वेळी तेच. जा की मेल्या, मला काय विचारतोस? वाट काय माझी आहे?”

न्यायाधीशांनी ते शब्दशः उतरवून घेतले. हे आधी का नाही सांगितलंस, असे फ्राने आजीवर खेकसला. त्या शांतपणे म्हणाल्या, “याने जन्मभर विचारलं. तू फाटक लावतानासुद्धा विचारलं नाहीस.”

निकाल आला: जी वाट बाई स्वतःची मानतच नव्हत्या, तिच्यावर त्यांची मेहेरबानी कसली? वाट आपल्या बागेची ठरली. आज पहिल्या करंड्या घेऊन निघालो. फाटकाशी पोचताच जन्माच्या सवयीने हात टोपीकडे गेला, तोंड उघडले. फ्राने धावत आला. “काका, पाया पडतो, काही विचारू नका. जा.”

मी विचारले नाही. टोपी मात्र काढली. वरची खिडकी उघडी होती.

नव्या तेलाची पहिली बाटली तुला पाठवतो. रागावलीस तरी लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझा येरोलिम