तोआदेरदादांचा आकडा

ती. तोआदेरदादा यांस,
कास्तेयोनहून इलारिएचा सविनय नमस्कार. तुमची कंबर, वहिनींचा खोकला आणि परसातली प्लमची झाडं परमेश्वर सांभाळत असेलच. इकडे तुमची बहीण विओरिका खुशाल आहे. मीही आहे, निदान रविवारपर्यंत तरी.

मंगळवारी सकाळी प्रार्थना आटोपून मी गाडीत बसलो आणि समोरच्या संत निकोलसांच्या तसबिरीवर रुमाल टाकला. पुढे जे करायचं होतं ते त्यांनी पाहू नये असं वाटलं. (संतांना रुमालाआडूनही दिसतं, हे मला ठाऊक आहे.)

त्याचं असं झालं. गाडी आपल्या रोमानियाहून या देशात आणली, तेव्हा तिला इथला नंबर घेणं आलंच. संत्र्यांच्या बागेच्या मालकाने बजावलं होतं, "तोडणीआधी इथली पाटी लाव, मजूर आणायचं काम तुझं. नाहीतर दुसरा ड्रायव्हर दारात उभा आहे." मी तपासणी केंद्रात गेलो. दिवे, ब्रेक, धूर, सगळं पास. मग तिथल्या आम्पारोबाई गाडीखाली वाकल्या, त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत.

"ट्रेलर ओढायचा हा आकडा कुणी बनवला?"

"माझ्या मेहुण्याने."

"कारखान्याचा शिक्का कुठाय?"

तुम्ही वेल्डिंगने काढलेला क्रूस मी दाखवला. बाईंनी भक्तिभावाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि गाडी नापास केली.

तुम्हाला फोन केला, तर तुम्ही गरजलात, "अख्खं केंद्र आकड्याला बांधा म्हणावं, ओढून दाखवतो!" मी तसं सांगितलंही. पुढच्या खेपेला आकड्यावर पोतं बांधून नेलं. (बाईंनी पोत्याची नीट घडी करून दिली.) त्यानंतर आपल्या फादरांची चिठ्ठी नेली, की हा आकडा मंत्रजलाने पवित्र केलेला आहे. बाई म्हणाल्या, "पवित्र असेल हो, पण मंजूर नाही."

दादा, आमचा सगळा संसार या आकड्याने इथवर ओढून आणला. आकड्याला हात लावशील तर मला नवरा नाही असं समजेन, असं विओरिका म्हणाली होती. पण बाग गेली तर खायचं काय? मी ठरवलं ते ठरवलं. मंगळवारी चिमो मेकॅनिककडे गेलो. तो स्क्रू शोधत गाडीखाली सरपटला. स्क्रू एकही नाही, चारी बाजूंनी वेल्डिंग! करवतीची पाती मोडत गेली, तसा तो ओरडला, "अरे बाबा, तुझ्या मेहुण्याने आकडा गाडीला जोडलाय की गाडी आकड्याला?" तुमच्या हाताची याहून मोठी तारीफ या देशात कुणी केलेली नाही. दुपारी आकडा निघाला. गाडी पास झाली, काल इथली पाटीही लागली.

आपला,
इलारिए

ता. क. आकडा भंगारात दिलेला नाही. आपलं देऊळ इथे एका जुन्या गॅरेजात भरतं. प्रार्थनेला बोलावताना वाजवायची लाकडी फळी आता तुमच्या आकड्याला टांगली आहे. तिथे कुणी शिक्का मागत नाही.

ता. क. २. पत्र टपालाने न टाकता गावाकडे येणाऱ्या आपल्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो आहे, कारण रविवारी विओरिका तुम्हाला फोन करील. आकडा कापायला तुम्हीच सांगितलंत, असं मी तिला सांगून बसलो आहे. तरी कृपा करून तेवढी परवानगी द्यावी, आणि ती सोमवारीच दिली होती असं म्हणावं.