वीस लिटरचा पहिला हप्ता

३ नोव्हेंबर, सोमवार

फिटलं! घराचं कर्ज फिटलं. जुनं पाडून नवं बांधलं तेव्हाचं, अठरा वर्षांचं. बँकेतल्या मॅडमनी कागद दिला — आपल्याकडे आमचे कोणतेही येणे बाकी नाही. तिथेच उभ्याने तीनदा वाचला. रेल्वेत पार्सल क्लार्क म्हणून चौतीस वर्षं पावत्या फाडल्या, पण इतकी देखणी पावती कधी हाताखालून गेली नाही. लॅमिनेट करून घेतला.

बुद्धांच्या फोटोशेजारी लावायला निघालो तर सुकेशनी म्हणाली, "तिथं न्हाई. कपाटाच्या दाराला लावा." कपाटाच्या दाराला लावला.

शेजारच्या बिरूलाही दाखवला. तो आणि त्याचा मुलगा अमृत शेळ्या पाळतात. तीस वर्षं आमचा सकाळचा चहा मधल्या भिंतीवर कप ठेवून होतो, तो तिकडे, मी इकडे. त्याला वाचता येत नाही. कागद उन्हात धरून म्हणाला, "चकाकायलाय लय."

४ नोव्हेंबर

दिवसभर सुखात.

५ नोव्हेंबर

सुख जरा कमी. जेवताना सारखं वाटत होतं, काहीतरी राहिलंय. उठून गॅस बंद आहे का पाहिलं. बंदच होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्णा स्टेशनवर रंगनाथ भेटला. माझ्याबरोबरच रिटायर झालेला, हल्ली ध्यान करतो. त्याला सांगितलं, कर्ज फिटलं पण मन निवांत नाही. तो म्हणाला, "बँकेचं फिटलं वो बाबू. मानसांचं? लोकायचं घेतलेलं तसंच अंगावर ऱ्हातं. त्याबिगर शांती कुठली!"

पटलं. तिथल्या तिथे आठवलं की त्याचीच छत्री २००९ पासून माझ्याकडे आहे. म्हणजे होती. कुठे हरवली कोण जाणे.

८ नोव्हेंबर

नवी छत्री घेऊन रंगनाथकडे गेलो. सोबत फॉर्म — बँकेच्या कागदावरून मीच बनवला. 'श्री. बुद्धभूषण यांच्याकडून मला कोणतेही येणे बाकी नाही.' खाली सही, तारीख. पन्नास झेरॉक्स काढल्यात.

रंगनाथने छत्री उघडली, मिटली. "ही माझी न्हवं. माझीच्या दोन काड्या मोडल्या होत्या."

ही चांगली आहे की, मी म्हणालो.

"आसंल. पर माझी न्हवं ना."

सही करेना! शेवटी मीच दोन काड्या मोडून दिल्या. मग केली. येताना अंग पिसासारखं हलकं वाटत होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

एक फॉर्म सुकेशनीपुढे ठेवला. घरापासून सुरुवात केलेली बरी. तिने चष्मा लावून वाचला. म्हणाली, "माझं येणं लय हाय. एवढ्याशा कागदावर बसायचं न्हाई." आणि भाकरी थापायला गेली.

थट्टा करते.

१० नोव्हेंबर

सगळ्यात मोठं कर्ज आज आठवलं, अंघोळ करताना. बिरूचं दूध! अठ्ठ्याण्णव साली नीलम सात महिन्यांची होती. माझी ड्युटी आदिलाबादला, महिन्यातून दोनदा घरी. सुकेशनीचं दूध पोरीला पुरेनासं झालं आणि बिरूने आठ महिने रोज अर्धा लिटर शेळीचं दूध दिलं. एक रुपया घेतला नाही. आज नीलम नाशिकला नोकरी करते ती त्या दुधावर. आणि मी सत्तावीस वर्षं त्याला नुसता चहा पाजतोय!

अर्धा लिटर रोज, आठ महिने. एकशे वीस लिटर. शेळीचं एवढं दूध मिळणार फक्त बिरूकडेच, आणि त्याच्याकडून विकत घेऊन त्यालाच देणं बरं दिसणार नाही. म्हणून म्हशीचं. एकदम दिलं तर नासेल. वीस-वीस लिटरचे सहा हप्ते पाडले. सगळं ठरल्यावर लक्षात आलं की मी पुन्हा हप्त्यांवर आलो. असू दे. यांना व्याज नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहिला हप्ता दिला. अर्ध्या लिटरच्या चाळीस पिशव्या, दोन क्रेट. बिरूच्या अंगणात नेऊन ठेवले. शेळ्या गोळा झाल्या, वास घेऊन मागे सरल्या.

बिरू म्हणाला, "हे काय?"

दूध.

"दूध हाय ते दिसायलंय. माझ्या दारात कशाला?"

मी सगळं सांगितलं. अठ्ठ्याण्णव साल, नीलम, एकशे वीस लिटर. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं, गहिवरला. मग फॉर्म काढला. "काय लिवलंय?" म्हणाला. गेली तीस वर्षं त्याचे सगळे कागद मीच वाचतो, हाही वाचला.

"म्हंजी तुझं माझं मिटलं, आसं?"

मिटलं, म्हणालो. हसून म्हणालो!

त्याने बायकोकडे पाहिलं. भिवराबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बिरू म्हणाला, "मला अंगठा द्यायचा न्हाई." आणि शेळ्या घेऊन चालू लागला. ही चरायला न्यायची वेळ नव्हती.

१३ नोव्हेंबर

बिरू चहाला आला नाही. शेळ्यांची गडबड असेल.

१४ नोव्हेंबर

भिवराबाईने त्या वीस लिटरचा खवा आटवला आणि गल्लीत घरोघर वाटला. आमच्याकडेही डबा पाठवला! मी वीस लिटर फेडलं आणि पाव किलो खवा अंगावर चढला. सुकेशनीने मिटक्या मारत खाल्ला. मला जाईना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

डबा घासूनपुसून परत देऊन आलो. सुकेशनी कडाडली, "रिकामा? कुणाचा डबा रिकामा देतेत का? चार दाणे साखर तरी घालायची!"

काही घातलं तर त्या पुन्हा काही पाठवतील. हे संपायचं कसं? आणि अगदी रिकामा नव्हता. आत फॉर्म ठेवला होता.

ती माझ्याशी बोलत नाही.

१६ नोव्हेंबर

चहा एकट्याने. कप भिंतीवर ठेवला होता, शेळीने पाडला. फुटला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आता माझ्या अंगावर कुणाचं काही नाही. बँकेचं नाही, रंगनाथचं नाही. बिरूचे पाच हप्ते तेवढे. सकाळी भिंतीपाशी अर्धा तास उभा होतो. पलीकडून बिरू शेळीशी बोलत होता, आवाज येत होता. मी खोकलो. तो गप्प झाला.

मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण सांगायला भिंतीपलीकडे कुणी नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दूधवाला दुसऱ्या हप्त्याचे क्रेट घेऊन आला. सुकेशनी दारात आडवी उभी राहिली. आठवड्याने तोंड उघडलं.

"बास करा आता. ते दूध आपन फुकट घेतलं न्हवतं. भिवराबाई बाळंत झाली अन् तिला टायफाईड झाला. अमृत महिन्याचं पोरगं. वरचं कायबी पचंना त्याला. मरायलं होतं. मी अंगावर पाजलं त्याला. मंग नीलमला कमी पडाया लागलं, म्हनून बिरूभाऊ शेळीचं आनून द्यायचे."

मी क्रेट आत ओढले, दूधवाल्याला पाठवून दिलं.

"बिरूभाऊच्या मायला कळलं आसतं, आपल्या जातीच्या बाईच्या अंगावर पोरगं पितंय, तर म्हातारीनं बाटलं म्हनून गार पान्यानं न्हाऊ घालून घालून मारलं आसतं त्याला. म्हनून चौघांच्या जागी तिघांतच ठिवलं. शपथ घातली होती भिवराबाईनं."

म्हातारी जाऊन पाच वर्षं झाली. मला का नाही सांगितलं?

"तुमी लगेच कागदावर लिवलं आसतं."

म्हणजे बिरू सत्तावीस वर्षं आमचं देणं लागतो असं मानून भिंतीशी येत होता. आणि मी त्याच्याच दारात दुधाची फेड नेऊन ठेवली, वर अंगठा मागितला. चाळीस पिशव्या! शपथ होती, त्याला सांगताही येईना.

सुकेशनीचा फॉर्म कोराच पडलाय. आता तिच्याकडे सही मागायची हिंमत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

घरात वीस लिटर दूध. रिकाम्या हातांनी बिरूच्या दारात गेलो. म्हणालो, चहापुरतं दूध दे. बिरूने शेळी धरली. धार अमृतने काढली, त्यांच्याच वाटीत. वाटी हातात देताना म्हणाला, "काका, वाटीची घाई न्हाई."

मी परत दिली नाही.