निपाणीचा कोळी-खून आणि मी

मातेसमान सौभाग्यवती आक्काचे पायी धाकट्या पारिसाचा साष्टांग नमस्कार. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरे म्हणशील तर परवा मी दोन प्रहर खुनी होतो, आणि ते दोन प्रहर बरे होते असे म्हणायची पाळी आता माझ्यावर आली आहे.

हे पत्र दाजींनी आपल्या कचेरीतल्या साहेबांपुढे ठेवावे, म्हणजे या मुलखात पोलीस म्हणून काय पाळले आहे ते सरकारला कळेल. (मी पुण्याचे कॉलेज अर्धवट सोडले म्हणून माझ्या शब्दाला वजन नाही, असे आपल्या आप्पांसारखे तूही म्हणू नकोस. माझ्या इंग्रजीला कानडी हेल आहे म्हणून प्रोफेसर वर्गात हसला, तेव्हा मी पुस्तक मिटून उठलो. तिथे जो बसून राहील तो माणूस नव्हे.)

तारामतीचे तुला ठाऊक आहेच. निपाणीच्या जिनदत्तआप्पा तंबाखूवाल्यांची मुलगी. गेल्या रथोत्सवात तिने मला पाण्याचा तांब्या दिला तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. तर परवा सकाळी इकडे घरी सदलग्यात बातमी आली, की बेळगावचा कोणी वकील आईबापांसह तिला बघायला त्याच दिवशी येतो आहे. मी छकडा जोडायला लावला. आपला यल्लाप्पा बैलांना गोंजारत, कानडीत गप्पा मारत, वऱ्हाड निघाल्यासारखा हाकत होता. शेवटी मी त्याच्या हातातला कासरा ओढून घेतला आणि बैल उधळले. निपाणी कोसभर राहिली असेल, तोच एक कोंबडी चाकाखाली आली. मागे तिची सात पिल्ले रस्त्यात चिवचिवत उभी.

आक्का, जैनाच्या पोटी जन्मून माझ्या हातून पंचेंद्रिय जीव गेला! मी उतरलो, तिला उपरण्यात घेतली, बाभळीखाली खड्डा करून पुरली, वर तरवडाची फुले वाहिली आणि णमोकार म्हटला. आता यात गुन्हा काय झाला ते मला दाजींनीच सांगावे.

निपाणीच्या नाक्यावर एक हवालदार असतात. वीस वर्षे मुंबईच्या बंदरावर काढून, प्लेगाला भिऊन इकडे बदलून आलेले. (गावात त्यांना ‘बंदर हवालदार’ म्हणतात, हिंदुस्थानी बोलणारी मुलाण्यांची पोरे हे नाव का हसून घेतात ते त्यांना अजून उमगलेले नाही.) मागल्या शतकात गोदीत किती खलाशी सुऱ्यांनी कापले गेले, कोणाचे प्रेत गोणपाटात बांधून खाडीत सोडले, कोणत्या कोळ्याने कोणत्या कोळ्याला वल्ह्याने मारले, हे ते रोज नाक्यावर बसून सांगतात. आणि खरे काम पडले तर? महिन्यामागे संकेश्वरच्या वाटेवर दरोडा पडून दोघांची डोकी फुटली, तेव्हा पंचनाम्याला कागद नाही म्हणून हेच गृहस्थ चार दिवस हलले नाहीत. पण माझ्या उपरण्यावर रक्त दिसताच ते उडी मारून उठले. यल्लाप्पाला दरडावले. त्याच्याजवळ मराठी ती केवढी! तो हात जोडून म्हणाला, “धनी कोळी खलास. धनी पुरलं.”

आता कानडीत कोळी म्हणजे कोंबडी, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला कळते. हवालदारांना वीस वर्षांत कोळी एकच ठाऊक, जाळे घेऊन समुद्रावर जाणारा. आणि मी वाटभर यल्लाप्पाशी कानडीत बोलत आलेला, मला ही भानगड कशी सुचावी?

“कोळी मारलास?” त्यांनी विचारले.

“व्हय, माझ्याच हातनं गेलं.”

“भांडण कशावरून?”

“भांडण कसलं? आडवं आलं.”

“आडवा आला म्हणून जीव घेतलास?”

“मला घाई होती.”

“नाव काय त्याचं?”

“त्याला नाव कशाला असतंय?”

“मागं कोण आहे?”

“सात लेकरं हाईत. सगळी नुकती चालाय लागल्यात.”

हवालदारांची पेन्सिल मोडली. म्हणाले, असला दगडाच्या काळजाचा इसम मी गोदीतसुद्धा पाहिला नाही. इथे समुद्र नाही म्हणून पुरलास, नाहीतर बुडवला असतास. मला बेड्या घातल्या आणि सरळ वाट सोडून भर पेठेतून, ताराच्या दारावरून नेले! हे कोणत्या कोळ्याचे बोलतात ते तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, पण रागाचा पारा इतका चढला होता, की मी खुलासा करायचेच नाकारले. (ही माझी चूक, ती मी कबूल करतो.)

पण नवल पुढेच. खून म्हणताच तो बेळगावचा वकील आईबापांसह मागल्या दाराने निघून गेला. पोहे तसेच राहिले. जिनदत्तआप्पा वखारीच्या पायरीवर उभे राहून लोकांना म्हणाले, “पोरगं रागीट हाय, पर घराणं चांगलं. कोरट काय ते बघंल.” माझ्याविषयी इतके गोड शब्द त्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. आणि तारा खिडकीत डोळे पुशीत होती.

मग अर्धी निपाणी घेऊन हवालदार बाभळीखाली गेले. दोन शिपायांनी कुदळी चालवल्या. आत कोंबडी निघाली. हवालदारांनी ती पायाला धरून उचलली, खड्ड्यात वाकून पाहिले आणि ओरडले, “कोळी कुठं आहे?” तेव्हा सगळी गर्दी एका सुरात म्हणाली, “हेच की वो कोळी!”

बेड्या निघाल्या, पण हवालदारांनी माझ्यावर ‘सरकारी इसमास कानडीत फसवणे’ असा नवा गुन्हा लिहायला घेतला आहे. तेवढ्यात जिची कोंबडी ती मालुबाई आली आणि पाटीभर पिल्ले माझ्या अंगावर ढकलून म्हणाली, “आई मारलीस न्हवं? आता पोरं तूच संबाळ.”

आणि जिनदत्तआप्पा? त्यांनी कानांवर हात ठेवले. “अरिहंत, अरिहंत! माणूस मारला असता तर सरकारनं बघितलं असतं. कोंबडीचं कोण बघणार? आपल्यालाच बघाय पायजे. माझी पोरगी न्हाई मिळणार.” म्हणजे खुनी चालला असता, आक्का! पोलिसांनी मला निर्दोष ठरवून माझा घात केला. याची दाद कोणत्या कोर्टात मागायची, ते दाजींना विचारून कळव.

तुझा अन्यायाने पोळलेला भाऊ,
पारिसा

ता. क. – पत्र दाजींना दाखवू नकोस. साहेबांचे राहू दे.

आणखी ता. क. – ताराने यल्लाप्पाजवळ निरोप पाठवला आहे. सातच्या सात पिल्ले जगवली तर दिवाळीला ती स्वतः मोजून घेईल, आणि मग जिनदत्तआप्पांना ती बघून घेते म्हणाली. सदलग्यात ठेवली तर आपले आप्पा पिल्लांआधी मला बाहेर काढतील. तुझे परसू मोठे, मन त्याहून मोठे. हे पत्र आणणाऱ्या यल्लाप्पाच्या डोक्यावर झाकलेली पाटी आहे. दार लावून मग उघड. मांजर असेल तर कोणाला तरी देऊन टाक.

शेवटचे – तुझ्या शेजारी नवा पोलीस शिपाई राहायला आला आहे ना, रत्नागिरीकडचा? पिल्लांना दाणे टाकताना कानडीत हाक मारू नकोस.