पेनड्राइव्हवरचं विरजण

कळमनुरी,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय रत्नपाल यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पावसाळ्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, रागावू नकोस. फोनवर बोलतोच, पण अण्णा शेजारी बसलेले असतात. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी काय बोलणार?

घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं पाटीवर आलंय: पाणी, गोळी, पंखा. परवा ज्योतीच्या लग्नाची गोष्ट निघाली, तर ‘मी येणार नाही’ एवढं लिहून त्यांनी पाटी पालथी ठेवली. गावातल्या प्रत्येक लग्नात वधू-वरांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेणारा माणूस नातीच्या लग्नात मुका बसायला तयार नाही. आणि माझी लेक म्हणते, प्रतिज्ञा देतील तर आजोबाच. लग्न येत्या रविवारी.

म्हणून तू सुचवलेला, लिहिलेलं मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम जुन्या लॅपटॉपवर बसवायला घेतला. मोबाइलची बटणं अण्णांच्या बोटांना लहान पडतात. कीबोर्डवर मात्र तहसीलमधल्या टायपिंगची सवय अजून आहे. आपल्या लिनक्ससाठी तो तयार मिळत नाही, म्हणून त्याचा सोर्स, मूळ कोड, उतरवून घरीच प्रोग्राम घडवायला, म्हणजे कंपाइल करायला बसले. पहिल्याच पायरीला तो अडला: आवाज काढणाऱ्या तयार फायलींची लायब्ररी सापडत नाही म्हणे. मी पाहिलं, तर लायब्ररी लॅपटॉपवर होती! काहून खोटं बोलून राहिला, असं मी त्याला चक्क विचारलं.

मग कॉलेजच्या लॅबमधल्या नव्या कॉम्प्युटरवरून त्याच नावाच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन आले. मायनं विचारलं, काय आणलंस? म्हटलं, विरजण. शेजारून आणतोच की आपण! प्रोग्राम शेवटपर्यंत कंपाइल झाला. मी टाळ्या वाजवल्या. उघडला, तर एक इंग्रजी ओळ टाकून बंद पडला. त्या ओळीचा फोटो या ईमेलला जोडला आहे. फोनवर मी अर्धी खाते, हे तुझं म्हणणं खरं आहे.

मला आणखी एक बोचतंय. हे सगळं मी अण्णांसाठी करतेय, की व्याह्यांसमोर मिरवायला? तू सांग.

लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
तुझी,
करुणाताई


पुणे,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं विरजण वाचून ऑफिसात एकटाच हसलो. शेजारच्यानं तब्येत विचारली.

लॅपटॉप खोटं बोलला नव्हता. प्रोग्राम चालवायला लागते ती लायब्ररी तुझ्याकडे आहे. कंपाइल करताना ती कशी वापरायची हे सांगणाऱ्या हेडर फायली वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. त्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ लागतं. लॅबमधल्या फायली पुढच्या आवृत्तीच्या. एकीच्या सूचना आणि दुसरीची लायब्ररी, म्हणून प्रोग्राम कोसळला. विरजण कुठल्याही दुधाला चालतं, ताई, लायब्ररी नाही.

आणलेल्या फायली आधी काढ. ‘डेव्ह’ पॅकेज आपल्याच पॅकेज मॅनेजरकडे माग. त्याला आणखी जे लागेल ते तो स्वतः आणतो. कंपाइल करताना तयार झालेला बिल्डचा फोल्डर पूर्ण पुसून नव्यानं सुरुवात कर, नाहीतर जुनं खरकटं राहतं.

मिरवायचं म्हणशील, तर मिरव थोडं. अण्णांनी जन्मभर माईकसमोर काय केलं? शनिवारी नांदेडला उतरून सकाळच्या एसटीनं येतो. मायला सांग, ठेचा तिखटच हवा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
रत्नपाल


कळमनुरी,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रत्नपाल यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

बोलला! आधी हेच लिहिते, मग बाकीचं.

विरजण फेकलं. एक पॅकेज मागितलं, तर त्याच्यामागे लग्नाला यावं तसं अख्खं बिऱ्हाड आलं. आले तेवढ्यांची नावं मी वाचून घेतली; माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मग आणखी एक ‘डेव्ह’ कमी निघालं, स्क्रीनवर प्रोग्रामची खिडकी काढणाऱ्या लायब्ररीचं. या वेळी घाबरले नाही, मागून घेतलं. कंपाइल होताना लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरत होता. ज्योती टक्के मोजत होती.

अण्णांसमोर कीबोर्ड ठेवला. त्यांनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं आणि घरात एक परका पुरुष बोलला. स्वयंपाकघरातून येणाऱ्या मायनं झटकन डोक्यावर पदर घेतला आणि दारातूनच विचारलं, की कोण पाव्हणं आलं म्हणून. अण्णांची बोटं पुन्हा चालली. तो रेडिओच्या बातम्यांसारखा आवाज म्हणाला, की मीच हाय, आणि चहात साखर न्हाई. मायनं पदर खाली टाकला आणि सुरू झाली: इतके दिवस गप होता तेच बराबर होतं, बोलायला लागला अन् पहिली तकलीफ मलाच! बोलता बोलता ती रडायला लागली. अण्णा टाइप करतच राहिले, ती भांडतच राहिली. आवाज अनोळखी आहे रे, पण बोलणं त्यांचंच.

लग्नाचं विचारायचा धीर मला होत नव्हता. यंत्राच्या तोंडून प्रतिज्ञा म्हणवणं त्यांना कमीपणाचं वाटेल का, हा विचार मी आधी करायला हवा होता. मी वाक्य जुळवत बसले होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, की रविवारी माईक कोणाचा हाय? मी मंडपवाल्या उत्तमसिंगचं नाव सांगितलं. तर म्हणाले, त्याचा माईक लई खरखरतो, दुसरा बघा. ज्योतीनं तिथेच त्यांच्या गळ्यात हात टाकले.

पाटी खुंटीला टांगली आहे. तू ये, मग बाकीचं समोर बोलू. आता तर अण्णाही बोलतील. आम्हा सगळ्यांवरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
करुणाताई

ता. क. विसरू नये म्हणून इथेच टिपते. उद्या: अण्णांचा पांढरा सदरा इस्त्रीला टाकणे.